आर म्हणजे राइट

दोनच गोळ्या उरल्या तरी त्या सोन्यासारख्या जपून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी खोपकरकाका.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. काकू गेल्यावर पालेगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला आले. कारखाना सुटला, स्टोअर काही सुटलं नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, की दुसऱ्या दिवशी ताप उतरताच काका थांबायचे आणि उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. “माल वाया जाता कामा नये!”

हा माल मग बिल्डिंगला इश्यू व्हायचा. मी जिन्यात खोकले की काका पाकीट घेऊन दारात. एकदा मी म्हटलं, “काका, या पुढच्या महिन्यात एक्स्पायर होताहेत.”

“म्हणूनच देतोय. आधी आलेला माल आधी बाहेर!”

गेल्या वर्षी उल्हासनगरच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बंगळुरूहून मुलगी आली, आठवडाभर राहिली, परत गेली. ती गेली आणि जखम लाल झाली. काकांनी कोणाला सांगितलं नाही. डबा उघडला. आधी कानाच्या गोळ्या घेतल्या, मग दाताच्या. चौथ्या दिवशी बेल वाजवली तर दार उघडायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. अंगात ताप, शर्टाला पू. मी तसंच त्यांना रिक्षात घालून त्याच हॉस्पिटलात नेलं.

पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो काकांनीच आधी हिसकावला. औषधांची लांबलचक यादी, आणि प्रत्येकापुढे एकेक अक्षर.

“बघ! आर, आर, आर, आर. आर म्हणजे राइट. सगळं राइट!”

डॉक्टरबाईंनी कागद काढून घेतला. “काका, आर म्हणजे रेझिस्टंट. तुमच्या जखमेतले जंतू या औषधांना दाद देत नाहीत.”

“एवढ्या सगळ्यांना?”

“अर्धवट गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात. पक्के उरतात आणि तेच वाढतात. घरात काय काय ठेवलंय तुम्ही?”

काकांनी डब्यातला माल तोंडपाठ म्हणून दाखवला. बाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या. मग त्यांनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. एका इंजेक्शनापुढे एस होता. फक्त तेच चालणार होतं.

काकांचा चेहरा उतरला. “एकच सप्लायर? आणि तो फिरला तर?”

बाईंनी इंजेक्शन लिहून दिलं.

तो फिरला नाही. दहा दिवसांनी काका घरी आले. जखम उघडी ठेवलेली, आतून भरायची; रोज ड्रेसिंग. पण पहिल्याच संध्याकाळी पोट धरून जिन्यात उभे! “सदोष माल परत मागवलाय! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, कानाच्या तीन गोळ्या!”

“त्या मी केव्हाच खाल्ल्या हो!”

“मग पुन्हा मागू नका!”

जमला तेवढा माल त्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

ड्रेसिंगला रोज मीच न्यायचे. रिक्षात काका न चुकता विचारायचे, “आज तुझ्याकडे काय केलंस?” मला वाटायचं, जेवणाचा डबा हवाय. मग कळलं. वांगणीहून येणाऱ्या सिस्टर पट्टी सोडताना विचारायच्या, “बाबा, आज काय जेवलात?” आणि घरी चहात पाव बुडवून आलेले काका माझी भरली वांगी, माझं वालाचं बिरडं ऐटीत सांगायचे. सिस्टर म्हणायच्या, “वा! मजा आहे तुमची.”

दीड महिन्यानं सिस्टरनी पट्टी काढली. “भरली जखम, बाबा. आता उद्यापासून यायला नको.”

काका शर्टाची बटणं लावत राहिले. एक बटण दोनदा लावलं.

“सिस्टर, नीट बघा जरा. त्या कडेला... थोडं ओलं नाही का वाटत?”

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून, कापसानं टिपत, पुन्हा सगळी जखम तपासली.

“परवा एकदा येऊन जा, बाबा,” त्या म्हणाल्या. “खात्री केलेली बरी.”

मी शेजारीच उभी होते. जखम कोरडी ठणठणीत होती.