गोदीचा पहिला खरा इशारा

एका जंगलात, मुलांनो, वाघ एकच होता. सभा मात्र रोज होत. तिथे गोदी नावाची एक वानरी राहायची. उंच अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून ती खाली चरणाऱ्या चितळांसाठी नजर ठेवी. गवतात पट्टे हलले की ओरडे, "खॅक्! पळा!" चितळं पळत. वाघ उपाशी परत जाई.

असं बरीच वर्षं चाललं. कोणीच मेलं नाही. त्यामुळे चितळांचा गोदीवरचा विश्वास उडाला.

कळपाचे म्होरके शिंगाडेराव यांनी सभा बोलावली.

"गोदीबाई, इशारा देणं म्हणजे काय? होणार ते आधी सांगणं. बरोबर?"

"बरोबर, रावसाहेब."

"मग तुम्ही सांगितलेलं एकदा तरी झालं का? वाघानं कोणाला खाल्लं?"

"तुम्ही पळालात, म्हणून नाही खाल्लं!"

"म्हणजे नाहीच खाल्लं. ऐकलंत ना मंडळी? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

"मेली धड चरू देत नाही," ठिपकाबाई चितळीण फणकारली. "हिच्यापायी माझी पार काडी झाली!"

गोदीला ओरडायची बंदी झाली. तिच्या जागी पिसाजी मोराला नेमलं. पिसाजी हुशार होता. वाघानं एखादं चितळ ओढून नेलं, खाल्लं, वर ढेकर दिला, की मग हा फांदीवर चढे आणि गंभीरपणे सांगे, "सावधान! या भागात वाघ आहे."

त्याचा एकही इशारा खोटा ठरला नाही. कळप घटत गेला, पिसाजीचा मान वाढत गेला. शेवटी त्याचा सत्कार ठरला.

शिंगाडेराव भाषणाला उभे राहिले. अर्जुनावर गोदी तोंड दाबून बसली होती. तेवढ्यात रावसाहेबांच्या मागचं गवत हललं. गोदीला राहवलं नाही.

"खॅक्! रावसाहेब, मागे बघा!"

सगळ्यांचे पाय जुन्या सवयीनं पळाले. रावसाहेब तेवढे जागचे हलले नाहीत. "गोदीबाई, खाली बसा. माझं भाषण अजून..."

ते भाषण वाघानं संपवलं.

गोदी दिवसभर रडत राहिली. संध्याकाळी उरलेला कळप रानफुलांची माळ घेऊन झाडाखाली आला. ठिपकाबाई डोळे पुसत म्हणाली, "गोदे, इतकी वर्षं नुसतं घाबरवलंस गं. आज कुठे तुला इशारा देता आला!"

तात्पर्य : मुलांनो, इशारा जरूर द्यावा, पण कोणी ऐकेल असा देऊ नये. ऐकला गेला की तो खोटा ठरतो.