ग्रेगरीकाका आणि दहा सेकंदांचं मोजमाप

गेल्या वर्षी मी आमच्या ऑफिसातला एक धडधाकट सर्व्हर मेलेला ठरवला आणि मालकांना तसं लेखी कळवलं. खाली सही केली, सहीपुढे तारीख घातली, म्हणजे नंतर कानावर हात ठेवायचीही सोय राहिली नाही.

त्या सर्व्हरची देखभाल ग्रेगरीकाकांकडे होती. हे सगळं लिहितोय ते त्यांच्याविषयी. माझं नाव मधूनमधून येईल ते फक्त आरोपी म्हणून.

ग्रेगरीकाका बासष्ट वर्षांचे, राहणार भाईंदरच्या समुद्रकाठच्या डोंगरी गावात. तिथून बसने भाईंदर स्टेशन आणि मग पूल ओलांडून पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गोदामावर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही शाळांची वेळापत्रकं बनवून देतो. कुठल्या बाई कुठल्या तासाला कुठल्या वर्गावर, हे एक मशीन बसून ठरवतं आणि शिव्या आम्ही खातो.

काकांच्या आसपास ‘साधारण’, ‘जवळपास’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द उच्चारायची सोय नाही. "काका, आज सिस्टीम स्लो वाटतेय," असं कोणी म्हटलं की खुर्ची गर्रकन फिरायची.

"मोजलंस?"

"मोजलं नाही, पण..."

"न्हाय ना? मंग वाटतंय कशाला? वाटायला ते काय प्रेम हाय?"

एकदा आम्ही दोघं शेअर रिक्षात बसलो होतो. रिक्षावाला चौथ्या गिऱ्हाइकाची वाट बघत म्हणाला, "अंकल, बस दो मिनट." काकांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. रिक्षा काही हलेना. शेवटी काका म्हणाले, "सात मिनट चालीस सेकंद. गलत बोला तुम. माफी माँगो." रिक्षावाल्याने काही माफी मागितली नाही. काका तरातरा उतरून चालायला लागले. मीही उतरलो, कारण माझा डबा त्यांच्या पिशवीत होता.

पण त्यांचा खरा राग होता तो ‘शंभर टक्के बिझी’ या शब्दांवर. स्क्रीनवर प्रोसेसर शंभर टक्के दिसला की आम्ही माना डोलवायचो, बिचारा किती राबतोय म्हणून. काका खवळायचे. "बिझी म्हंजे काय? रेशनच्या रांगेत उभा हाय तो पण बिझीच! काम किती झालं ते सांग!"

त्यांचं म्हणणं असं, की प्रोसेसरच्या पोटातच मोजणी करणारे काउंटर बसवलेले असतात. घड्याळाचे ठोके किती पडले, सूचना, म्हणजे इंस्ट्रक्शन, किती पुऱ्या झाल्या, हवी ती माहिती हाताशी न सापडल्यामुळे लांबच्या मेमरीकडे किती वेळा धावावं लागलं, हे सगळं ते मुकाट्याने टिपत असतात. लिनक्सवर एक आज्ञा दिली की ते वाचता येतात. जगातल्या बहुतेकांना हे ठाऊक नाही आणि ठाऊक नसल्याने त्यांचं काही अडतही नाही. काकांना या दुसऱ्या गोष्टीचा जास्त संताप यायचा.

मी एकदा हौसेने एकाच वेळी वीस काउंटर मागितले. एवढं सगळं एका फटक्यात कळेल, असं वाटलं होतं. काकांनी कपाळाला हात लावला. "पोरा, मोजणारे हायेत सहा, आन तू बोलतोस वीस जागी नजर ठेवा! मंग ते पाळीपाळीने बघतात आन उरलेलं अंदाजाने भरतात. अंदाजाने! माझ्या मशीनवर!"

मला राग यायचा. पंधरा वर्षं प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला कोणी चारचौघांत ‘पोरा’ म्हणावं? मला पेणकरपाड्याच्या आमच्या सोसायटीत लोक कॉम्प्युटरचं विचारायला येतात. (बहुधा प्रिंटरचं. पण येतात.)

तर मे महिन्यात शाळा मागे लागल्या आणि एकेक वेळापत्रक बाहेर पडायला तीन-तीन तास लागायला लागले. आमचे मालक हितेशभाई माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सावंत, प्रॉब्लेम किसका है? मशीन का या तेरा?"

प्रश्न असा विचारल्यावर कोणताही संसारी माणूस देईल तेच उत्तर मी दिलं. "मशीन का."

"प्रूफ दे."

काका त्या दिवशी रजेवर होते. ते अधूनमधून अशी रजा घ्यायचे, एरवीही साडेचारला उठून चालायला लागायचे, आणि का ते विचारलं तर ‘घरी काम हाय’ एवढंच सांगायचे. मी म्हटलं, बरंच झालं. मोजायला काय काकाच लागतात?

दहा सेकंदांची मोजणी करायची तर काउंटरच्या आज्ञेला दुसरी एक आज्ञा जोडतात. ही दुसरी काही करत नाही, नुसती दहा सेकंद थांबते. ती स्टॉपवॉच. आणि ‘सगळ्या मशीनकडे बघ’ हे सांगायला मध्ये एक छोटं अक्षर घालावं लागतं. मी ते अक्षर विसरलो. त्यामुळे काउंटरांनी त्या थांबणाऱ्या आज्ञेचीच मोजणी केली. म्हणजे धावणाऱ्याला सोडून स्टॉपवॉच धरून उभ्या असलेल्या माणसाची पावलं मी मोजली आणि खेळाडू लंगडा आहे असं जाहीर केलं.

"दस लाख इंस्ट्रक्शन?" हितेशभाई कागद बघत म्हणाले. "अच्छा है ना?"

"हितेशभाई, दहा सेकंदांत हजारो कोटी व्हायला पाहिजेत."

हितेशभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे भंगारवाल्याला शुक्रवारचा टेम्पो सांगितला आणि भाड्याच्या मशीनसाठी दुसरा फोन लावला. फोन ठेवता ठेवता सहज म्हणाले, "ग्रेगरीभाई का कॉन्ट्रॅक्ट तो इसी मशीन का है. वो भी खतम."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोंड उघडलं, पण कागदावर माझी सही वाळलेली होती. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा सर्व्हरवर ‘भंगार’ अशी चिठ्ठी डकवलेली होती आणि भाड्याच्या मशीनची बातमी ऑफिसभर झालेली होती. त्यांनी ती फाडली. "कोणी लावली? माझी मशीन भंगार? भाड्याच्या मशीनवर काउंटर तरी दाखवतात काय? विचारलं तर बोलतात, उपलब्ध न्हाय!" खालच्या गोदामातली भांडी आपटायची थांबली, इतका आवाज. मग त्यांनी माझा कागद वाचला. पुन्हा वाचला. आवाज एकदम खाली आला.

"सावंत, तू मोजलंस कोणाला?"

मी आज्ञा दाखवली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, ते अक्षर घालून पुन्हा मोजायला लावलं, मशीन ठणठणीत निघाल्यावर माझा प्रोग्राम सुरू करून त्याचीही मोजणी करायला लावली.

"काय दिसतंय?"

"पाच ठोक्यांत एक सूचना."

"बाकीचे चार ठोके काय करते मशीन? वाट बघते. तू लांब ठेवलेली माहिती येण्याची वाट बघते! आमच्याकडं बांबूवर बोंबील वाळत घालतात तवा बाया टोपली जवळ घेऊन बसतात. तू काय करतोस? एक बोंबील टांगतोस, होडीवर जातोस, दुसरा आणतोस. आन वर बोलतोस बांबू खराब हाय!"

खरंच होतं ते. माहितीचा तक्ता आडवा मांडलेला आणि माझा प्रोग्राम तो उभा वाचत होता. दोन ओळींची अदलाबदल केली. तीन तासांचं काम अकरा मिनिटांत झालं. मी ‘दहा-बारा’ म्हणणार होतो, पण काका शेजारीच उभे होते.

"आता जा. सांग त्यांना," काका म्हणाले.

तो शुक्रवारच होता, टेम्पो खाली लागलेला. मी हितेशभाईंच्या केबिनमध्ये शिरलो. "ते... जरा टेक्निकल गडबड झाली."

मागून काकांचा आवाज आला, "कोणाची?"

"आमची."

"आमची म्हंजे किती जणांची?"

"माझी," मी म्हणालो.

हितेशभाईंनी टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवायला सांगितलं. काकांचं कॉन्ट्रॅक्ट राहिलं. मला हितेशभाई जे बोलले ते गुजरातीत होतं, आणि त्याचा अर्थ मी अजून कोणाला विचारलेला नाही.

काका मात्र माझ्याशी बोलेनात. मला याचाही राग आला. चूक कबूल केल्यावर आणखी काय करायचं माणसाने? शेवटी रविवारी केकचा बॉक्स घेऊन मी डोंगरीची बस पकडली.

काका ओट्यावर होते. शेजारी त्यांच्या बायको, रेजिनाकाकू, पांढऱ्याशुभ्र केसांची नीट वेणी घातलेल्या. "कोण हा?" त्यांनी विचारलं.

"सावंत. माझ्या ऑफिसातला. हुशार हाय."

मी चमकलो. पाचेक मिनिटांनी काकूंनी पुन्हा विचारलं, "कोण हा?" काकांनी तितक्याच उत्साहाने सांगितलं, "सावंत. माझ्या ऑफिसातला. हुशार हाय."

आत केक ठेवायला गेलो तर शेजारची एक बाई भांडी आवरत होती. ती म्हणाली, काका कामावर असतात तेव्हा काकूंपाशी तीच बसते, पाच वाजेपर्यंत. तिला द्यायचे पैसे त्या कॉन्ट्रॅक्टमधूनच येतात. मी केकचा बॉक्स कुठे ठेवला ते मला आता आठवत नाही.

बाहेर आलो तेव्हा काकू आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या. बँडवाल्यांनी चर्चच्या दारात दोन तास खोळंबवून ठेवलं. मी काकांकडे बघितलं. ते मान डोलवत होते. थोड्या वेळाने तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली, आता बँड चार तासांनी आला. काका म्हणाले, "व्हय, चार." तिसऱ्यांदा बँड दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

"सकाळीच आला," काका म्हणाले आणि काकूंच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी नीट केली. "मी किती चिडलेलो, आठवतं?"

काकू खूप हसल्या. काकाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे निघायची वेळ झाली तरी तसाच बसून राहिलो. उठवतच नव्हतं.

हसता हसता काकूंची नजर माझ्यावर आली. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काकांकडे वळून स्पष्ट आवाजात विचारलं, "कवाचा बसलाय हा. याला घर न्हाय काय?"