घसरणीची तारीख

एल्डन ब्लेव्हिन्स याने चारशे एकोणीस दिवस नशेची एकही गोळी घेतलेली नव्हती, आणि नेमकं त्यामुळेच त्याचं प्रकरण अडलं होतं.

केंटकीच्या डोंगराळ भागात हार्गिस काउंटी आहे, तिथे व्यसनमुक्ती न्यायालय चालतं. नशेपायी पकडलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता उपचार द्यायचे, असा त्याचा उदात्त हेतू. दर बुधवारी न्यायाधीश स्टिडम यांच्यासमोर एकेकाने उभं राहून आपण किती दिवस नशेविना काढले ते सांगायचं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि त्याने काचेच्या भांड्यातून चिठ्ठी उचलून बक्षीस न्यायचं. बक्षीस बहुतेक वेळा चॉकलेटच निघे. माणूस साठीचा असो, नाहीतर मधुमेही असो.

रोंडा कॉडिल ही तिथली प्रकरण-व्यवस्थापक. लघवीची चाचणी झाली का, समुपदेशनाला गेला का, नोकरी टिकली का, हे सगळं ती संगणकात भरी. बाई मनाने चांगली होती. एल्डनच्या डोळ्यांदेखत नव्हे, पण त्याच्या फाइलीवर ती दोनदा रडली होती. एल्डन लाकडाच्या गिरणीत कामाला लागला होता, भाड्याच्या घरात त्याने मुलीची खोली पिवळ्या रंगाने रंगवली होती. मुलगी केलीन, सात वर्षांची, सरकारने दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलेली. तिचा ताबा द्यायचा की नाही, याची सुनावणी येत्या शुक्रवारी होती. त्याआधी बुधवारी कार्यक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हातात पडलं, तरच काही आशा.

प्रमाणपत्रासाठी नमुना क्रमांक चौदा भरावा लागे. त्यात सातवा रकाना होता: ‘शेवटच्या घसरणीची तारीख व त्यातून मिळालेला धडा.’ घसरण म्हणजे कार्यक्रमात आल्यावर पुन्हा केलेली नशा. रोंडाने लिहिलं, ‘लागू नाही.’ संगणकाने ते लाल करून परत दिलं. तिने रकाना मोकळा सोडला, तर पुढचं पानच उघडेना. शेवटी तिने राज्याच्या राजधानीतल्या मुख्य कचेरीत फोन लावला.

“बाई, हा नमुना संशोधनावर आधारलेला आहे,” तिथला माणूस म्हणाला. “संशोधनात सगळे घसरतात.”

“अहो, पण हा घसरलाच नाही!”

“मग तो संशोधनात बसत नाही. त्याला बसवून घ्या.”

सोमवारी न्यायालयाच्या पथकाची बैठक झाली. देखरेख अधिकारी डॉयल याने फाइल चाळली आणि तो खुर्चीत मागे रेलला. “चारशे एकोणीस दिवस? वीस वर्षं झाली मला या खात्यात. असा माणूस नसतो. हा लपवतोय.”

“नकाराची अवस्था,” समुपदेशक मिस्टी गंभीरपणे म्हणाली. “जो घसरण मान्य करत नाही, तो बरा झालेलाच नसतो.”

“आणि जो खरंच घसरला नाही तो?” रोंडाने विचारलं.

“तो तर जास्तच आजारी.”

ठराव एकमताने झाला. एल्डनने घसरण मान्य करावी, नाहीतर नव्वद दिवसांच्या ‘नकार-निवारण गटा’त बसावं. गट रोज सकाळी दहाला. गिरणीची पाळी सातला सुरू होई, आणि नोकरी सुटली की कार्यक्रमाचा नियमभंग. नियमभंगाला तुरुंग. हे सगळं इतकं रीतसर होतं की कोणाला काही खटकलं नाही.

रोंडाने एल्डनला बोलावून घेतलं, दार लावलं.

“हे बघ बाबा, एक घसरण लिहून टाकू. छोटीशी. एकच गोळी, मन उदास होतं, लगेच पश्चात्ताप झाला.”

“पण मिस रोंडा, मी घेतलीच नाही हो! आईशप्पथ!”

“मला माहीत आहे रे. पण प्रामाणिकपणा हा या कार्यक्रमाचा पाया आहे. काहीतरी कबूल केल्याशिवाय तो दिसायचा कसा?”

आता तारीख शोधायची होती. आठवड्यातून दोन चाचण्या, सगळ्या स्वच्छ. गोळीचा अंश चार दिवस अंगात राहतो, त्यामुळे कुठलाही दिवस धरला तरी पुढची चाचणी आडवी येई. मेला इतका नेमाने चाचण्या देत होता की खोटं बोलायलाही जागा ठेवली नव्हती. दोघांनी मिळून पाच तास कॅलेंडर धुंडाळलं. अखेर एक फट सापडली: नाताळ. कचेरी बंद होती, चोवीसनंतर थेट एकोणतीसला चाचणी. म्हणजे डिसेंबरची पंचवीस.

एल्डनचा चेहरा उतरला. “त्या दिवशी केलीन माझ्याकडे होती. वर्षातून तेवढी एकच भेट, सहा तासांची. तिच्यासोबत बिस्किटं भाजली मी.”

“ते वेगळ्या फाइलीत आहे,” रोंडा म्हणाली, आणि तारीख भरली. रकाना हिरवा झाला. दोघांनी खाली सह्या केल्या.

बुधवारी सोहळा झाला. एल्डनने घसरण कबूल केली. सभागृह उठून उभं राहिलं. डॉयलने डोळे पुसले. न्यायाधीश स्टिडम यांनी खाली उतरून त्याला मिठी मारली आणि म्हणाले, “पोरा, खरं बोलायला छाती लागते.”

काउंटी लहान, त्यामुळे शुक्रवारी ताब्याच्या सुनावणीलाही तेच न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे आता दोन्ही फाइली होत्या. त्यांनी घसरणीची तारीख वाचली, मग दुसऱ्या फाइलीतली मुलीच्या भेटीची वाचली.

“मुलगी घरात असताना गोळी घेतलीस?”

“नाही साहेब! ते खोटं आहे. मी कधीच घेतली नाही.”

“बुधवारी खोटं बोललास, की आज बोलतोयस?” न्यायाधीश रोंडाकडे वळले. “बाई, ही सही तुमचीच ना? मजकूर खरा आहे?”

खोट्या सहीला काय शिक्षा असते, हे रोंडाला पाठ होतं. ती उठली. एल्डन तिच्याकडे बघत होता, जणू सगळं आता तिच्याच हातात आहे. होतंच.

“नोंद बरोबर आहे, साहेब,” ती म्हणाली, आणि बसली.

केलीन त्या दुसऱ्या कुटुंबाकडे कायमची गेली. एल्डनला चारशे सव्वीस दिवस झाले, पण आता मोजायला कोणी बोलावत नाही.

तुम्हाला रोंडाचा संताप आला असेल. यायलाच हवा. पण खरं सांगा, चारशे एकोणीस दिवस आणि एकदाही नाही, हे वाचताना क्षणभर का होईना, तुमच्याही मनात आलंच ना, की नाताळच्या दिवशी त्याने एखादी घेतलीही असेल?