काश्यप गोत्राची रानी

दुर्गाघाटाच्या पायऱ्या मी रोज दोनदा चढते, पहाड माझं काय वाकडं करणार! असं मी आत्याला ठणकावून सांगितलं.

आत्या म्हणाली, "तुझे बाबाही हेच म्हणायचे."

बाबा म्हणजे बनारसच्या घाटावर यजमानांची श्राद्ध-तर्पणं करणारे विश्वेश्वरभट. पहाडातल्या तीन तळ्यांचा फोटो त्यांनी वर्तमानपत्रातून कापून पंचांगात ठेवला होता. एकावर एक तीन तळी, सर्वांत वरचं तेरा हजार फुटांवर. दर मे महिन्यात ते पिशवी भरत आणि निघायच्या आदल्या दिवशी दारातून सांगत, "यजमान आले." मग आत्या पिशवी रिकामी करायला बसे! अशी एकवीस वर्षं. गेल्या आषाढात बाबा गेले. वर्षश्राद्धाच्या आत वरच्या तळ्यावर जाऊन त्यांच्या नावानं तीन ओंजळी पाणी सोडायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

आत्यानं सामान दिलं: तांब्या, तिळाची डबी आणि पलटणीला पुरेल इतका चिवडा.

पहाटे पाचला पहाडाच्या पायथ्यापासून चढायला लागलो. वाटाड्या सुशांतनं आधीच बजावलं, "दीदी, एक बजे जहाँ होंगे, वहीं से वापस. मौसम का भरोसा नहीं."

पायऱ्यांची घमेंड पहिल्या तासातच उतरली. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती! पहिल्या तळ्याशी चिवडा शोधायला सॅक उपसली, तर आधी तांब्या निघाला, मग तिळाची डबी. शेजारी लखनौच्या एक बाई बिस्किट खात होत्या. त्यांचा हात थांबला.

"आप कहाँ से हैं?"

"बनारस."

"पंडितों के घर से?"

"पिताजी थे..."

इथेच गप्प बसायला हवं होतं! बाईंचे डोळे भरले. त्यांची आई जाऊन तीन महिने झाले होते. "हमसे कुछ हुआ ही नहीं, बेटा."

नाही कसं म्हणणार? मला तर्पण कुणी शिकवलं नव्हतं, पण भिंतीपलीकडून पस्तीस वर्षं ऐकलं होतं. नाव विचारलं, गोत्र विचारलं, ओंजळीत तीळ दिले, मंत्र म्हटला. बाई रडल्या, मोकळ्या झाल्या.

वळून बघते तर मागे रांग! कानपूरचं जोडपं, बंगाली प्राध्यापक, बँकेतले चौघे मित्र. कुणाला गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप लावायचं, हेही भिंतीपलीकडूनच शिकले होते. दुसऱ्या तळ्यावर बातमी माझ्याआधी पोचली होती. तिथेही रांग! इतके पितर तृप्त झाले की वर ढगांत दाटी झाली असावी.

शेवटी खेचरवाला आला, टोपी हातात धरून.

"दीदी, मेरी रानी के लिए भी. पिछले साल खाई में गिर गई."

"रानी कौन?"

"खच्चर."

सुशांत खोकला. मी हसले नाही. बाबांनी कुणाला परत पाठवल्याचं मला आठवेना.

"गोत्र?"

"खच्चर का?"

"काश्यप," मी म्हटलं आणि डबीतले उरलेसुरले तीळ त्याच्या ओंजळीत टाकले.

सुशांतनं घड्याळ दाखवलं. "दीदी, एक बज गया."

वर पाहिलं. धुकं उतरलं होतं. तिसरं तळं कधी नव्हतंच जणू. बाबांचं पाणी सोडायचं राहिलं होतं आणि डबी रिकामी!

मग मी खडकावर बसून चिवड्यातले तीळ वेचले. हळदीनं पिवळे झालेले, तिखटामिठाचे. दिवसभर न अडलेला मंत्र पहिल्याच ओळीला अडला. सुशांतनं पाठ फिरवली.

"बाबा, तिखट आहेत," मी म्हटलं, "पण आत्याच्या हातचे आहेत." आणि तीन ओंजळी सोडल्या.

घरी पोचले तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"वरचं तळं कसं आहे गं?"

मी सॅक खाली ठेवली. तिच्यात वरच दक्षिणा म्हणून मिळालेले नूडल्सचे नऊ पुडे होते.

"यजमान आले."

 आत्यानं सॅक ओढून घेतली आणि ती रिकामी करायला बसली.