चव्वेचाळीस किलो साखळी

आधी नाव सांगून टाकतो, नाहीतर बोलण्याच्या भरात तेच राहून जायचं. शामराव बिलोलीकर, मुक्काम जामबाग, हैदराबाद. मी या शहरात टिकलो तो या माणसामुळं. काय झालं ते आता सावकाश सांगतो.

शामरावकाका दोर विकत घ्यायला येत ते पाण्याची बादली घेऊन. घरून भरून आणलेली, रिक्षात मांडीवर धरलेली. नामपल्लीला आमच्या दोर-साखळीच्या दुकानापाशी उतरेपर्यंत त्यातलं अर्धं पाणी त्यांच्या पॅंटवर असे. दुकानात नळ होता, पण ते म्हणत, "दुकानदाराचं पाणी दुकानदाराच्या बाजूनंच बोलतं."

माणूस वजनमापांचा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, तरी ते पायरी चढताना दिसले की आमचे सेठ आपसूक उठून काटा पुसायला लागत. काकाही आत आले की आधी स्वतः वजनकाट्यावर उभे राहायचे. "बासष्ट. बरोबर आहे. आता बोला."

मी तेव्हा दुकानात नवा. शिरपूरकडचा, नववीत शाळा सोडलेला. सेठनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तीन महिने देखते. एक शिकायत आई तो गाडी में बिठा देतऊं." इकडं गावात आमच्या बापूंनी पोरगा हैदराबादला लागला म्हणून पेढे वाटलेले. परत गेलो असतो तर कोणत्या तोंडानं? म्हणून मी माझं कपड्यांचं गाठोडं खोलीवर सोडलंच नव्हतं. हाकललं तर निदान बांधायला वेळ नको.

परदेशी मालाला बाजार नुकताच खुला झाला होता. तोवर आमच्याकडं सुती, काथ्याचे आणि अंबाडीचे दोर. आता निळे, हिरवे, पांढरे असे परदेशी दोर येऊन पडले होते. सेठ त्यांच्यावरून मांजराच्या पाठीसारखा हात फिरवायचे. काका मात्र प्रत्येकाचा वीतभर तुकडा कापायला लावून बादलीत टाकत. काथ्या तरंगला. "नक्को." निळा तरंगला. "नक्को." हिरवा तर टुणकन वर आला. "याला तर लाजच नाही."

"कायकू परेशान करते साब," सेठ म्हणाले, "डोर तो डोर है."

"बोटीच्या नांगराचा दोर आहे मियाँ. तरंगला की दुसऱ्याच्या बोटीत जाऊन अडकतो. दोर बुडाला पाहिजे."

मी न राहवून मराठीत बोललो, "काका, तो पांढरा बुडेल."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला काय ठाऊक?"

"आमच्या बापूंच्या हातून असलाच नवा दोर विहिरीत पडला होता. आठ दिवस गळ टाकत होतो."

पांढरा तुकडा पाण्यावर जरासा रेंगाळला, विचार केल्यासारखा, आणि तळाला गेला. काका इतके खूश झाले की त्यांनी मलाच काट्यावर उभं केलं. "शेहेचाळीस! सेठ, इतका हलका माणूस ठेवता, वाऱ्यानं उडाला तर?" मग मला हळूच म्हणाले, "जेवतोस का नाही रे?" दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानात एक डबा जास्तीचा यायला लागला. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. डब्याच्या कडीला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक पिशवीला. कारण काकांचं लाडकं वाक्य होतं, "शेवटचं टोक बांधलं का?" गॅसची नळी, छत्री, चष्मा, नातलगांशी बोलणं, सगळ्याला हेच. पत्र लिहिलं तरी खाली सही करून म्हणत, "हं. शेवटचं टोक बांधलं."

त्यांची बोट होती हुसेनसागरवर. कुठल्याशा क्लबनं फायबरच्या नव्या बोटी घेतल्या तेव्हा मोडीत काढलेली, लाकडी, एका शिडाची, चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. तिच्या नांगरासाठी हा सगळा घाट. नांगराला आधी साखळी आणि साखळीला पुढं दोर, अशी रीत. साखळी तळाशी पडून राहते, नांगराला मान वर करू देत नाही. दोर ताणतो आणि वाऱ्याचा झटका पोटात घेतो. हे त्यांनी मला ताट, वाटी आणि जानवं वापरून समजावलं होतं.

पण साखळी घ्यायला आले तेव्हा मात्र सेठही चक्रावले. लोक साखळी फुटावर घेतात. काका म्हणाले, "चव्वेचाळीस किलो."

"क्या जी साब, तालाब में हाथी बांधते क्या? पाच-छे किलो बहुत है."

"चव्वेचाळीस. कमी नाही, जास्ती नाही."

बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी. मी एकेक कडी काट्यावर चढवतोय आणि ते काट्याकडं बघतायत. तीन कड्या जास्त झाल्या, त्या कापायला लावल्या. एरवी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारा माणूस, पण याचं कारण विचारलं तर म्हणाले, "लागते."

सेठनं माल पोचवून बोटीत लावून द्यायला मलाच पाठवलं. "गडबड नक्को करना," एवढंच म्हणाले. मला ते पुरलं.

बोटीच्या नाकाशी एक खण होता. मी साखळी गोल गोल, चुंबळीसारखी रचायला घेतली. "वळणं नकोत," काका म्हणाले. "पडेल तशी पडू दे. सुबक रचलेली साखळी ऐन वेळी स्वतःतच गुंतते." मग शेजारी दोर. आमच्या दुकानाची पद्धत अशी की मोजलेल्या दोराला दर दहा वावांवर, दोन्ही हात पसरले की एक वाव, सुतळीची गाठ मारायची, म्हणजे माप चुकत नाही. काकांनी दोराचं टोक खणाच्या तळातल्या कडीला स्वतः बांधलं, ओढून बघितलं, "शेवटचं टोक बांधलं," म्हणाले आणि शीड सोडायला मागं गेले. जाता जाता बजावलं, "दोरावर एक गाठ राहू देऊ नकोस. जाताना अडकते."

मी एकही राहू दिली नाही.

तळ्याच्या मध्यावर काकांनी शीड उतरवलं. "आज परीक्षा. सगळा सोडून बघायचा. टाक."

मी नांगर टाकला. साखळी खडखडत सुटली, बोट थरथरली. पाठोपाठ दोर. वाऱ्यानं बोट मागं सरकत होती आणि खणातून दोर सुळसुळत चालला होता. काका हाताची घडी घालून उभे, लग्नात मुलीच्या बापाचं असतं तसं तोंड. "हात लावू नकोस. आता बघ, आपोआप थांबेल."

थांबला नाही. पांढरं टोक खणातून वर आलं, काठावर एकदा नाचलं आणि गेलं.

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. काळपट पाण्यावर टोक क्षणभर रेंगाळलं. निळा दोर असता, हिरवा असता, तर हात घालून धरला असता. हा मी निवडलेला. विचार केल्यासारखा थांबला आणि खाली गेला.

"बुडाला," काका म्हणाले. "बरोबर सांगितलं होतंस."

मला रडू फुटलं. तळातल्या कडीची गाठ मीच सोडली, तुम्ही एकही ठेवू नको म्हणालात, मला कळलं नाही, मी नववीसुद्धा पास नाही, सेठला सांगू नका, बापूंनी पेढे वाटलेत, असं सगळं एका दमात. काकांनी ऐकून घेतलं. मग ज्या खणात आता काहीच नव्हतं त्याच्याकडं बघत म्हणाले,

"आमची यमुना, माझी बायको, बसायची इथं. पुढं. दसऱ्याला तराजूची पूजा झाली की मी तिलाही काट्यावर उभी करायचो. बारा वर्षं चव्वेचाळीस. ती गेली तेव्हापासून ही बोट नाक वर करून चालते. मला पुढचं काही दिसत नाही." खणावर झाकण लावत म्हणाले, "म्हटलं, तेवढं वजन ठेवून बघू."

वारा वाढला होता, परतायला हवं होतं. त्यांनी शीड चढवलं.

"मागं काय बसलास? पुढं जा."

मी खणाच्या झाकणावर जाऊन बसलो. बोटीचं नाक खाली आलं. ती सरळ निघाली, पाणी दोन्ही बाजूंना सारखं कापत. मागून काकांचा आवाज आला, "दोन किलो जास्त आहेस. चालेल."

दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसले आणि मी काटा पुसायला घेतला. बादली नव्हती. काट्यावर उभे राहिले, बासष्ट बरोबर असल्याचं जाहीर केलं आणि सेठना म्हणाले, "तुमचा माणूस बोलला दोर बुडतो. बुडाला. असा खरं बोलणारा माणूस सोडू नका. आता तोच दोर पुन्हा द्या, आणि साखळी सहा किलो."

"बस छेच?" सेठ हबकले. "और वो चव्वालीस किलो?"

"हौ, सहाच. पुढचं वजन मिळालं मला."

त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी गाठोडं सोडलं आणि कपडे खुंटीला लावले.

तेव्हापासून रविवार माझा आणि बोटीचा. पुढची उशी माझी. तिच्यावर जाईची दोन फुलं भरलेली आहेत, ती कुणी भरली हे मी विचारलं नाही. आता मी त्र्याहत्तर भरतो. जामबागेतल्या डब्यांचा प्रताप. बोट नाकावर चालते आणि काका शिव्या देतात, पण दुसऱ्या कुणाला पुढं बसू देत नाहीत. अलीकडं सुकाणू धरताना त्यांचा हात थरथरतो. मला दिसतं, मी पुढं बघत राहतो.

काका, तुमचं फेडायचं माझ्या ध्यानात आहे. एक दिवस सुकाणू मी घेईन, तुम्ही त्या उशीवर बसा. भरपूर वारा असू दे. निघायच्या आधी शेवटचं टोक मी बांधीन, आणि दोनदा ओढून बघीन.