अर्ध्या कमानीतला हात

फोटोतून माणूस काढता येतो, पण त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेला हात काढता येत नाही, हे रूपाला बुधवारी दुपारी कळलं. शहाद्यात बॅनर-पत्रिकांचं दुकान टाकून तिला सहाच महिने झाले होते. समोर खुर्चीत भाईदास आप्पा बसले होते आणि स्क्रीनवर तेच आप्पा दिलखुलास हसत उभे होते. त्यांच्या खांद्यावर उजवा हात टाकून शेजारी हसत होते त्यांचे धाकटे भाऊ, सुपडू नाना. फोटो तीन वर्षांपूर्वीचा. त्यानंतर महिन्याभरात नानांची म्हैस आप्पांच्या पपईच्या बागेत शिरली. म्हैस तासाभरात बाहेर निघाली. भावांना मात्र त्यातून अजून निघता आलं नव्हतं.

"याले काढ," आप्पा म्हणाले. भावाचं नाव ते घेत नसत.

"आप्पा, तुम्हना एकलाना फोटो नही का?"

"शे ना." आप्पांनी मोबाइल पुढे केला. त्यात त्यांचा चेहरा आधार कार्डावर असतो तसा होता.

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, डोकावून पाहिलं. "हाऊ फोटो लावशात तर लोकेसले वाटी, नवरदेवना बापले कोन्ही धरी आनेल शे."

प्रश्न त्यांच्या मुलाच्या, भाग्येशच्या, हळदीच्या बॅनरचा होता. आणि आप्पा इतके मोकळे हसल्याचा पुरावा जगात एवढा एकच होता. त्या क्षणी नाना त्यांच्या कानात काहीतरी बोलले होते. काय, ते आप्पांनी सांगितलं नाही.

रूपानं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवळाच्या कमानीचा आकार काढला आणि फोटो त्यात बसवला. मग कमान मधोमध कापून उजवा अर्धा भाग टाकून दिला आणि उरलेली अर्धी कमान बॅनरच्या उजव्या कडेला नीट टेकवली. नाना गेले. उरला फक्त खांद्यावरचा पंजा, घड्याळासकट. उजव्या मनगटावर घड्याळ बांधणारा त्या पंचक्रोशीत एकच माणूस होता.

तिनं कमान आणखी आत घेतली, तर आप्पांचा कान गेला. आकार गोल केला, पिंपळपानाचा केला. हात सगळ्यांत मावला. मोबाइलवरच्या एका ॲपनं हात पुसला खरा, पण त्या जागी स्वतःच्या बुद्धीनं आप्पांना दुसरी कॉलर बसवली.

"ऱ्हाऊ दे हात," आप्पा शेवटी थकून म्हणाले. "कमानच बरी शे. पन पोर, त्यानं तोंड दिसनं ना, तर आम्हना गावनं एक बी काम तुन्हाकडे येवाव नही."

दुकानात येणाऱ्या कामांपैकी निम्मी त्याच गावची होती. रूपानं मान हलवली.

आप्पांनी हौसेनं बॅनर भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत सुपडू नाना पायरीवर बसलेले होते.

"हाऊ हात मन्हा शे," त्यांनी घड्याळ पुढे केलं. "कोनले इचारीसन लावा?"

"नाना, तुम्ही त्यामा दिसतस नही."

"तेच सांगी ऱ्हायनू. हात दिसस, मी दिसस नही. लोके इचारतीन, बाकीना सुपडू कथा गया? तू माले काढी टाकं का?"

"काढेल नही, नाना. झाकेल शे." रूपानं आकाराच्या आत शिरून फोटो थोडा सरकवला. कमानीत नाना हसत हजर झाले.

नानांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "मन्हा बी बॅनर कर. भांडन भाऊसंगे शे, पुतन्यासंगे नही. तेवढाच मोठा, त्याच रंगना. पन त्याना फोटो उजवीकडे शे ना, मन्हा डावीकडे ठेव. त्यानासारखं माले काहीच नको."

आसपासच्या गावांतला नानांचा गोतावळा म्हणजे दुकानाची उरलेली निम्मी कामं. रूपानं फक्त अर्धी कमान आरशासारखी उलटी केली, फोटो तसाच ठेवला आणि ती डाव्या कडेला टेकवली. कडेपाशी नानांचा हात मनगटाच्या अलीकडे तुटत होता, पण त्याला इलाज नव्हता. 'आप्पांचा वेशीवर, नानांचा गल्लीच्या तोंडाशी' असं कागदावर ठळक लिहून तिनं दोन्ही गुंडाळ्या बॅनर बांधणाऱ्या छगनच्या हवाली केल्या.

हळदीच्या सकाळी आप्पांचा फोन आला. "आठे ये," एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला.

रूपा स्कूटीवरून पोचली. वेशीवर वीस फुटांचा एकच पिवळाजर्द बॅनर झळकत होता. मधोमध अख्खी कमान, आणि तिच्याखाली एकमेकांना खेटून हसणारे दोन सख्खे भाऊ. हाताला माणूस मिळाला होता. सांधा कुठे आहे ते जवळ जाऊनही कळत नव्हतं. छगनचं काम चोख होतं.

"छगन, कागद वाचा नही का?"

"वाचा ना, ताई. पन मोठा बॅनर मशीनवरथीन दोन तुकडामाच येस, मी रोज जोडस. एकवर हात संपस, दुसरावर सुरू व्हस. मी म्हनं, लिखामा ताईनी चूक व्हयनी."

"काप हाई," आप्पा म्हणाले.

"कापा ना," दहा पावलांवर नाना निंबाच्या झाडाला उद्देशून म्हणाले. "मी कथा नको म्हनी ऱ्हायनू?"

छगननं डोकं खाजवलं. "आप्पा, दोन इंच एकमेकवर चिकाडेल शे. कापं तर कोना तरी दोन इंच जाई."

"त्याना जाऊ दे."

"मन्हा हात काबर?" नाना झाडाला सोडून थेट आप्पांकडे वळले. "तुन्हा खांदा काप."

"पहिला बॅनर कोना व्हता?"

"त्यावर हात कोना व्हता?"

"आनि म्हैस कोनी व्हती?"

"बागले तार कोन लावनार व्हतं?"

पाहुणे जमू लागले.  रूपाची दोन्ही बाजूंची कामं आज एकदमच जाणार होती. तिनं पर्समधून ब्लेड काढलं आणि हळदीची वाटी घेऊन उभ्या असलेल्या मंगलाबाईंच्या कानाशी लागली, "काकू, कोना बी दोन इंच जाऊ द्या, मी दोन्ही परत छापी देस. कापी टाकू का?"

"हात नको लावू, माय," मंगलाबाई हळूच म्हणाल्या. "तीन वरीसमा पहिलांदा बोली ऱ्हायनात."

मग मांडवाकडे वळून त्यांनी आवाज दिला, "दोन खुर्च्या आना रे. समोरासमोर मांडा. उभ्या उभ्या भांडन लवकर संपस."