मोठ्या कुंडीतलं रोप

मेव्हणीचा फोन आला तो दिवस अगदी साधा होता. नगरपालिकेच्या तक्रार कक्षातला पंखा कुरकुरत होता आणि त्याची तक्रार मात्र कुणी नोंदवत नव्हतं. खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेले साहेब फुटलेले पाइप आणि बंद पडलेले दिवे लिहून घेत होते. तक्रार कसलीही असो, त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू. करू." त्यामुळे सगळी कचेरी त्यांना बघूकरू म्हणत असे. (तोंडावर म्हणायची वेळ आली तर बघूकरूसाहेब.)

"भावोजी, पुढच्या महिनाअखेरीला येतेय मी," मेव्हणी सांगत होती. "गॅलरीतली ताईची मोठी कुंडी आहे ना, तिच्यातलं न्यायला. तयार झालं की तुझंच, असं म्हणाली होती ती. नीट आहे ना सगळं?"

"आहे की!" बघूकरू म्हणाले आणि त्यांनी पटकन फोन ठेवला.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात गॅलरीचं दार त्यांनी फारसं उघडलंच नव्हतं.

संध्याकाळी उघडलं. लहान कुंड्यांमध्ये काटक्या उरल्या होत्या. मोठ्या कुंडीत तर काटकीही नव्हती, नुसती काळी, कोरडी माती. हिच्यात तिनं काय लावलं होतं? गुलाब? लिंबू? मेव्हणीला विचारावं, तर आपण काय दिवे लावले ते तिला कळणार. बायकोनं कुणाला दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. तिचा हा शेवटचा शब्द आपल्या हातून मोडायचा, ही कल्पना बघूकरूंना सहन होईना.

"मुळं जिवंत असतील, साहेब," दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला. "आतून ताकद द्या. पण घरचं खत घाला, बाजारचं नको."

हे त्यांना पटलं. बायकोनं बाजारचं खत कधी आणलं नव्हतं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. साली, चोथा असलं काहीतरी घेऊन ती गॅलरीत जायची. तिथं पुढं काय करायची, ते पाहायला त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं कधी वर काढलं नव्हतं.

मग कचेरीतल्या प्रत्येकाच्या अंगात माळी संचारला. शिपाई म्हणाला, केळीच्या साली बादलीभर पाण्यात कुजवा. मुख्य लिपिक म्हणाले, साली कुजवू नका, वाळवा. टायपिस्टबाईंनी अंड्याच्या टरफलांची पूड सांगितली. चहावाल्यानं चोथा रोज बांधून द्यायचं कबूल केलं, फक्त धुऊन घाला म्हणाला, नाहीतर साखरेला मुंग्या येतील. कुणाचं ऐकावं ते न कळल्यामुळे बघूकरूंनी सगळ्यांचं ऐकलं.

साली हव्यात म्हणून ते केळी खाऊ लागले, टरफलं हवीत म्हणून अंडी उकडू लागले. गेलं वर्षभर हा माणूस पाव आणि चहावर होता. महिन्याभरात त्यांच्या गालांवर तकाकी आली.

"साहेब, खत लागू पडलं बरं का," शिपाई म्हणाला.

"रोप आलंय, तुला कसं कळलं?"

"रोपाचं नाही म्हणत मी."

पण रोप खरंच आलं होतं. आधी मातीतून हिरवा आकडा निघाला, त्याला दोन जाड पानं फुटली. बघूकरूंनी तिथल्या तिथे पंचा खांद्यावरून काढून डोळे पुसले. (बादलीच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, असं ते स्वतःला म्हणाले. वास होताच तसा.)

त्याच आठवड्यात कक्षातला फोन वाजला.

"हॅलो, तक्रार कक्ष का? आमच्या वरच्या गॅलरीतून वास येतोय."

आवाज खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा होता. बघूकरूंनी घाईघाईनं आपला आवाज जाड केला.

"कसला वास?"

"ते तुम्ही येऊन सांगायचं! मी कशाला हुंगत बसू?"

"वर राहणाऱ्यांना विचारलंत का, बाई?"

"कसं विचारणार? बायको गेल्यापासून एकटेच असतात बिचारे. आताशा कुठे माणसासारखे दिसायला लागलेत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तर तुम्हाला सांगतेय. आणि हे पाहा, माझं नाव कळता कामा नये."

"नाही कळणार," बघूकरू म्हणाले. आवाज जाड करायचं ते विसरले होते, पण बाईंनी फोन ठेवला होता.

त्या दिवसापासून बादलीवर झाकण आलं. रोपानं मात्र कसलीच भीड ठेवली नाही. ते कठड्यावर चढलं, कपड्यांच्या दोरीवर गेलं, आणि एके सकाळी त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला विळखा घालून बसलं. सदरा तिथेच ठेवून बघूकरू दुसरा घालून कचेरीत गेले.

मेव्हणी आली ती हातात पोतं आणि खुरपं घेऊन. बघूकरूंनी गॅलरीचं दार थाटात उघडलं.

"घे. तुझ्या ताईचं रोप."

मेव्हणी वेलाकडे बघत राहिली. मग सदऱ्याकडे. मग भावोजींकडे.

"भावोजी, हा भोपळा आहे."

"असं का? मला वाटलं होतं, गुलाब लावला असेल."

"अहो, ताईनं इथं काहीच लावलं नव्हतं! ही खताची कुंडी. घरातल्या साली, देठं, सगळं ती हिच्यात टाकायची. मी खत न्यायला आलेय."

बघूकरूंनी वाकून कुंडीत पाहिलं.

"म्हणजे मी इतके दिवस..."

"खताला खत घालत होतात!" मेव्हणी कठडा धरून हसत सुटली. हसता हसता खालीच बसली. "आणि तुमच्याच कचऱ्यातली बी रुजली, तर तिला म्हणे ताईचं रोप!"

"माझ्या कचऱ्यात भोपळा नसतो," बघूकरू म्हणाले. "मी आणत नाही. मला चिरता येत नाही."

मेव्हणीचं हसू हळूहळू थांबलं. तिनं एक पान बोटांनी उचललं, त्याच्यावरची धूळ पदरानं टिपली आणि ते पुन्हा होतं तसं ठेवलं.

"भोपळा ताईच चिरायची," ती म्हणाली.

"हो."

खत काढायचं म्हणजे वेल उपटायला हवा, हे दोघांनाही दिसत होतं. मेव्हणीनं खुरपं हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि भावोजींपुढे केलं. भावोजींनी ते घेतलं आणि खिडकीत ठेवून दिलं.

"चहा टाकतो," ते म्हणाले.

जाताना दारात मेव्हणी वळली. "एक सांगते, भावोजी, फळाची वाट बघू नका हं. इतकं खाऊ घातलंय तुम्ही त्याला, आता नुसती पानंच येतील."

ती रिकामं पोतं घेऊन गेली. वेल आता खालच्या मजल्यावर उतरला आहे आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्याबद्दल कक्षात दुसरी तक्रार नोंदवली आहे. भोपळा एकही धरलेला नाही. कुंडीतलं खत काढायचं राहिलं आहे.